कागदाएवढी फट

"मिस्त्री, लोकायनं बिघडवलेल्या गाड्या तुमी जिंदगीभर दुरुस्त केल्या. सगळ्यात भंगार काम कोनाचं पाह्यलं?"

गॅरेजची चावी मुलाच्या हातात दिल्यापासून अकोल्यात कुठेही चहाला बसलो की हा प्रश्न येतोच. मी मूर्तिजापूरच्या एका वकिलाचं सांगतो. गिअर कडक पडतात म्हणून त्या भल्या माणसाने गिअरबॉक्समध्ये साजूक तूप ओतलं होतं. गाडी तापली की रस्ताभर बेसनाच्या लाडवांचा वास! लोक पोट धरून हसतात आणि विषय संपतो. पण ते खरं उत्तर नाही. खरं उत्तर मी आयुष्यात एकदाच चारचौघांत मोठ्याने सांगितलं, हिवरखेडच्या आठवडी बाजारात. आज दुसऱ्यांदा सांगतो, लेखी.

आधी माझं थोडं. मी तापट माणूस आहे. वाईट काम दिसलं की माझं डोकं फिरतं आणि तोंड सुटतं. या तोंडापायी चांगली चांगली गिऱ्हाइकं गेली, सवय मात्र गेली नाही. माझी शाळा म्हणजे अकोल्यातल्या एका जिनिंग प्रेसचं वर्कशॉप. वडील तिथेच जिनच्या रुळांवर चामडं चढवायचं काम करायचे. जिन म्हणजे सरकीपासून रुई सोडवायचं यंत्र. त्यात चामड्याचा रूळ फिरतो आणि एक पोलादी पातं त्या रुळाला घट्ट टेकलेलं असतं. दोघांत फट पडली की रुई धरली जात नाही, सरकी फुटते आणि मालक बोंबलतो. म्हणून वर्कशॉपमध्ये पहिला धडा एकच. आमचे उस्ताद हसनचाचा, बार्शीटाकळीचे, गालात पान धरून म्हणायचे, "फट दिखी, के बुजाव. फट म्हंजे नुकसान." बेअरिंगच्या मागे कागदाच्या पट्ट्या घालून आम्ही दिवसभर फटी बुजवत असू.

काम वर्कशॉपच्या बाहेर जाताना हसनचाचा पंच, म्हणजे धातूवर खूण उठवायचं टोकदार हत्यार, घेऊन त्यावर तीन ठिपके मारायचे. तो त्यांचा ठप्पा. ते तीन ठिपके दिसले की प्रेसमध्ये कोणी पुन्हा तपासायच्या भानगडीत पडत नसे. मी प्रेस सोडून लष्कराच्या वर्कशॉपात गेलो, तेव्हा खंडेनवमीच्या दिवशी त्यांनी तो पंच माझ्या हातावर ठेवला. छप्पन सालानंतर, आम्ही दीक्षा घेतल्यावर, घरात हत्यारांची पूजा बंद झाली. पण खंडेनवमीला हत्यारं पुसून तेल लावायची सवय काही मोडली नाही, आणि पहिला हात त्या पंचालाच जायचा.

लष्करात मोटारी शिकलो, परत येऊन अकोल्यात गॅरेज टाकलं. जीप, लॉऱ्या, डॉक्टर लोकांच्या छोट्या गाड्या. नाव होत होतं. तेव्हा, साठ सालच्या आगेमागे, ती गाडी आली.

आली ती कापसाच्या लॉरीत चढून. ताडपत्री ओढली आणि मी खरंच दोन पावलं मागे सरलो. लांबलचक नाक, तारांची चाकं, जेमतेम दोन माणसं बसतील एवढीच जागा. कोण्या एके काळी गर्द लाल असावी. आता तिच्यावर पारव्यांच्या विष्ठेचे थर होते, एक मडगार्ड पापडासारखं चुरगळलेलं. वऱ्हाडात असली गाडी असेल हे कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

मागोमाग काठी टेकत मालक उतरले. अमरावतीचे भाऊसाहेब. कापसाचे मोठे व्यापारी, चिखलदऱ्याला बंगला, बंगल्यामागे कॉफीची थोडी झाडं. त्यांचा डावा पाय गुडघ्यात वाकत नव्हता. निंबाखाली खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "वानखडे मिस्त्री, ही एका संस्थानाची गाडी. दलालानं सांगितलं, सगळी तपासून, दुरुस्त करून देतो, आणि दिली. महिनाभर गावातल्या गावात फिरवली. मग चिखलदऱ्याला निघालो. घाटात इंजिन एकदम जाम झालं, मागची चाकं जागच्या जागी अडकली, आणि वळणावर गाडी कठड्यावर गेली. माझा गुडघा तिथंच राहिला. ड्रायव्हरनं इंजिनात तेलच घातलं नव्हतं. हाकलून दिला हरामखोराला. आठ वर्षं झाली. आता मला ही गाडी एकदा तोच घाट चढताना पाहायची आहे."

"ड्रायव्हर काय म्हणाला?" मी विचारलं.

"काय म्हणणार? तेल होतं म्हणाला. इंजिन उघडलं तर थेंब नव्हता."

मी इंजिन उतरवलं. पहिला धक्का तिथेच बसला. बिनतेलाचं इंजिन पळालं की आतली बेअरिंगं जळून काळी पडतात, कोण्याही फिटरला विचारा. या इंजिनाची बेअरिंगं आरशासारखी होती. मग तेल गेलं कुठे? खालून पाहिलं, तर तेलाच्या टाकीला हातभर चीर. कठड्यावर आदळली तेव्हा टाकी फुटली आणि तेल रस्त्यावर गेलं. म्हणजे तेल अपघाताच्या आधी नव्हतं असं नाही, अपघाताने गेलं होतं! हे पाहायला आठ वर्षांत कोणी खाली वाकलंच नव्हतं.

मग इंजिन जाम कशाने झालं? त्यासाठी गाडीच्या नाकातला डबा उघडावा लागणार होता. हा डबा म्हणजे या गाडीचा खरा रुबाब. साधं इंजिन हवा आपणहून ओढून घेतं, मिळेल तेवढ्यावर भागवतं. या डब्यात इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे दोन गट्टू एकमेकांत फिरतात आणि हवा-पेट्रोल इंजिनात कोंबतात, जेवणाऱ्याला आग्रह करकरून वाढणारी मावशी असते ना, तसे. त्याला सुपरचार्जर म्हणतात. गाडी दीडपट जोरात पळते. पण त्यात एक मेख आहे. ते दोन गट्टू मिनिटाला हजारो वेळा एकमेकांच्या अगदी अंगाजवळून फिरतात आणि तरी एकमेकांना कधीच टेकत नाहीत. दोघांत कागदाएवढी फट असते आणि ती असावीच लागते, कारण धातू तापला की फुगतो. हे मला लष्करात मोठ्या डिझेल इंजिनांवर काम करताना कळलं. शिवाय डबा आणि इंजिन यांना जोडणारी पितळेची एक मऊ पिन असते. ती मुद्दाम कच्ची ठेवलेली. आत काही अडकलंच तर पिन तुटावी आणि इंजिन वाचावं, गाडी वाचावी, माणूस वाचावा.

डबा उघडला त्या दिवशी भाऊसाहेब समोर बसले होते. झाकण निघालं आणि मी ओरडलोच. दोन्ही गट्टू एकमेकांत रुतून बसले होते, डब्याच्या भिंती नांगरल्यासारख्या ओरबाडलेल्या. कोणीतरी बेअरिंगच्या मागे कागदाच्या पट्ट्या घालून दोन्ही दांडे जवळ सरकवले होते. फट बुजवली होती! थंड असताना हाताने फिरवलं तर मस्त फिरलं असेल, गावातल्या गावातही चाललं असेल. पण घाटात इंजिन तापलं, धातू फुगला आणि गट्टू एकमेकांत अडकले. आणि पिन? ती मऊ पिन काढून तिथे पोलादाची घातलेली. ती कशी तुटणार? तिने सगळं इंजिन धरून थांबवलं.

माझं तोंड सुटलं ते सुटलंच. "अरे, हा मिस्त्री होता का खाटीक? हे काम नाही, खून हाये! ज्यानं हे केलं त्याचे हात बांधून ठेवले पाह्यजे, आन् ज्यानं त्याच्या हातात पाना देल्ला त्याले जोड्यानं हानलं पाह्यजे!" गॅरेजमधली सगळी माणसं काम टाकून उभी राहिली.

एक गोष्ट मात्र मला कबूल करावी लागली. कागद सुरेख बसवला होता. पट्टीची दोन्ही टोकं तासून, एकावर एक चढवून असा जोड दिला होता की बोट फिरवलं तरी लागत नव्हता. मी पट्टी भाऊसाहेबांना दाखवली आणि म्हणालो, "पाहा साहेब. हात सोन्याचा, डोकं शेनाचं."

भाऊसाहेबांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "म्हणजे सखाराम खरं बोलत होता?"

"सखाराम कोन?"

"ड्रायव्हर," ते म्हणाले. त्यांनी काठी जमिनीवर आपटली. मग म्हणाले, "आठ वर्षं मिस्त्री! आठ वर्षं मी त्या माणसाला शिव्या दिल्या."

दोन दिवसांनी त्यांनी हिवरखेडहून सखारामला बोलावून घेतलं. पन्नाशीचा, सडसडीत, धुतलेला सदरा गळ्यापर्यंत बटणं लावून घातलेला. गॅरेजच्या दारातच उभा राहिला. अपघातानंतर त्याला कोणी मोटारीला हात लावू दिला नव्हता. गावात तो लोकांची बैलगाडी हाकत होता, आणि गावाने त्याला नाव ठेवलं होतं, कोरडा सखाराम. इंजिन कोरडं ठेवणारा म्हणून कोरडा. त्याच्या पोराला शाळेत कोरड्याचा म्हणत.

मी त्याला टेबलाजवळ नेलं आणि सगळं समजावून सांगितलं. आरशासारखी बेअरिंगं दाखवली, टाकीची चीर दाखवली, रुतलेले गट्टू दाखवले. त्याने ते बोटाने चाचपले. मला वाटलं आता रडेल. रडला नाही.

"सळई काढून पाह्यली होती मी," तो म्हणाला. सळई म्हणजे इंजिनातलं तेल मोजायची, बॉनेटखाली असते ती. "निंघाच्या आंधी पुसून दोनदा पाह्यली होती. सायबाले सांगतलं, दवाखान्यात सांगतलं, बायकोले सांगतलं. बायकोबी म्हने, राहूनच गेलं असंन हो तुमच्यानं."

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मिस्त्री, थो कोन होता, तेवढं मले सांगा. मी त्याले मारत नाही, का शिव्या देत नाही. मले फक्त एकदा त्याचं तोंड पाह्याचं हाये."

"नाव काढतोच," मी म्हणालो. "शब्द देतो तुमाले." दलाल तोवर वारला होता, पण काम कुणाचं ते कामच सांगतं अशी माझी घमेंड होती. भाऊसाहेब म्हणाले, "नाव मिळालं की आधी मला सांगा. त्याला वऱ्हाडात काम मिळणार नाही, हे मी पाहीन."

दुसऱ्या दिवशी डबा रॉकेलमध्ये बुडवून घासायला घेतला. इतक्या वर्षांची काजळी निघाली आणि तळाशी, कडेला, तीन ठिपके दिसले.

माझ्या हातातला ब्रश खाली पडला. कपाटातून तो पंच काढला. त्याच्या टोकाचा टवका उडालेला होता, त्यामुळे त्याचा प्रत्येक ठिपका एका बाजूला चपटा उठतो. हे तीनही ठिपके चपटे होते. म्हणजे हसनचाचा! ज्यांनी मला पाना धरायला शिकवला ते! मी सगळ्या गॅरेजसमोर खाटीक म्हणालो, जोड्याची भाषा केली, ती त्यांच्याबद्दल? त्या दिवशी मी जेवलो नाही. बायकोने विचारलं तर तिच्यावर खेकसलो.

सकाळच्या गाडीने बार्शीटाकळी गाठली. चाचा घराच्या ओट्यावर पाय पसरून बसले होते, थकलेले, पण पान गालातच. मी रामराम-सलाम काही न करता ती कागदाची पट्टी त्यांच्या हातावर ठेवली.

"चाचा, हे तुमचं काम हाये?"

"बैठ तो सही."

"आंधी सांगा."

त्यांनी डोळे मिटले आणि पट्टीवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. जोडापाशी अंगठा थांबला. मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत इतकी कीव होती की मला ती समजेचना.

"ये मेरा जोड नहीं रे," ते म्हणाले. "मी कागद टोकाले टोक भिडवून बसवत होतो. असा रापीनं तासून, चढवून जोड कोन देते? चामडेवाला देते. ये तेरे बाप का जोड है."

"बाबानं कधी फिटिंग केलं नाही."

"बापानं नाही केलं," चाचा म्हणाले. "पन कागदाले रापी लावनारा सगळ्या प्रेसमंदी एकच होता."

मी ओट्यावर बसलो. आणि मग सगळं आठवलं, एकदम, काल झाल्यासारखं. गोणपाटात बांधून आलेला एक डबा. घेऊन येणारा माणूस म्हणाला होता, हवेचा पंप हाये, खडखड करते. चाचा लेकीकडे बाळापूरला गेले होते. मी एकोणीस-वीस वर्षांचा, अंगात मस्ती. डबा उघडला, दोन गट्टूंत फट दिसली आणि मी काय खूश झालो! दोष सापडला! कोणालाही न विचारता, एका दुपारात, बाबांची चामडं तासायची रापी घेऊन कागद तासले आणि फट बुजवली. पितळेची पिन झिजलेली दिसली, म्हटलं हे काय मऊ मऊ, आणि जिनच्या तुटक्या दांड्यातून पोलादाची काढून घातली. मोटार कुठली, मी तो पंप कशाचा हेसुद्धा विचारलं नाही. परत पोत्यात घालून, तोंड बांधून ठेवला आणि विसरून गेलो. आठ वर्षांनी तोच डबा मी स्वतः उघडला, तोच जोड बोटाने चाचपला, त्याची तारीफ केली, आणि मला ओळखू आला नाही!

"मी आलो तवा पोतं बांधून तयार होतं," चाचा म्हणाले. "खोलके देखा नहीं मैंने. तुझ्यावर भरोसा होता. जरासं पोतं सारलं न् ठप्पा मारला."

मी सखारामचं सांगितलं, भाऊसाहेबांच्या गुडघ्याचं सांगितलं. चाचांनी पान थुंकलं. म्हणाले, "माझं नाव सांग. ठप्पा माझा हाय, खोटं नाही होत. माझं आता कोन काय बिघडवते? तुझं गॅरेज नवं हाय, लेकरं लहान हायेत."

मी नाही म्हणालो नाही. हे लिहिताना अजून लाज वाटते, पण नाही म्हणालो नाही. परत येताना मनात पक्कं होतं की हसनचाचांचंच नाव सांगायचं. ठप्पा समोर, उस्ताद राजी, आणि माझं नाव साफ. आठवडेच्या आठवडे मी स्वतःला हेच सांगत राहिलो.

आणि गाडी मात्र अशी बांधली, जशी मी आजवर बांधली नव्हती. डब्याच्या भिंती मुंबईहून नव्यासारख्या करून आणल्या. गट्टू हाताने, रंग लावून लावून, खरडून जुळवले. त्यांच्यातली फट मोजायला पोलादाची पातळ पट्टी असते, ती मी दिवसातून दहा वेळा घालून पाहायचो. पितळेची मऊ पिन घातली. सुपरचार्जरला तेल मिळतं की नाही हे ड्रायव्हरला बसल्या जागी दिसावं म्हणून काचेआडचा छोटा काटा डॅशबोर्डवर बसवला, मूळ गाडीत तो नव्हताच. ब्रेक जुने, तारेचे होते. घाटात तारेचे ब्रेक म्हणजे देवाच्या भरवशावर. एका मोडक्या गाडीचे तेलाचे ब्रेक काढून तिला बसवले. रेडिएटरला मोठा पंखा दिला. गाडी पहिल्यापेक्षा चांगली झाली, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. सुरू केली तेव्हा नाकातून अशी बारीक, स्वच्छ शिट्टी आली की रस्त्यावरची माणसं आत डोकावली. मला आनंद झाला नाही.

चाचणी ठरली परतवाड्याला, घाटाच्या पायथ्याशी. आमच्या धंद्यात एक रीत आहे. ज्याने गाडी बांधली, त्याने पहिल्या फेरीला बाजूला बसायचं. काम कच्चं असेल तर आधी आपला जीव जावा. भाऊसाहेब आले होते. सखारामलाही त्यांनी आणलं होतं, स्टिअरिंगवर तोच बसणार असं सांगून.

"फेरी नंतर," भाऊसाहेब म्हणाले. "आधी नाव. मिळालं ना?"

"मिळालं," मी म्हणालो. हसनचाचांचं नाव अगदी जिभेवर होतं.

सखारामने तेवढ्यात बॉनेट उघडलं होतं. त्याने सळई काढली, खिशातल्या फडक्याने पुसली, पुन्हा घातली, काढली, उजेडात धरून पाहिली. परत पुसली. परत घातली. परत पाहिली. कोणी त्याच्याकडे बघतंय याचं त्याला भानही नव्हतं. आठ वर्षांपूर्वी त्याने अस्संच केलं असणार. ते पाहिलं आणि चाचांचं नाव माझ्या तोंडातून बाहेर पडलंच नाही.

"मीच तो," मी म्हणालो. "मी प्रेसमंदी शिकत होतो तवा हा डबा आला होता. फट मी बुजवली. पिन मी बदलली. कोनाले इचारलं नाही."

भाऊसाहेबांची काठी वर गेली. पडली असती तर मी हललो नसतो. पण ती तशीच खाली आली आणि ते रस्त्याच्या कडेच्या दगडावर जाऊन बसले, पाय पुढे लांब करून. "तुम्ही?" एवढंच म्हणाले. "त्या दिवशी खाटीक कोणाला म्हणत होतात?"

सखाराम सळई हातात घेऊनच माझ्यासमोर आला. किती वेळ पाहत होता कोण जाणे. मला खाली बघायचं होतं, पण ज्याच्यापायी त्याने आठ वर्षं बोल खाल्ले, त्याने आपलं तोंड तरी त्याला नीट दाखवावं, म्हणून मी मान वर ठेवली.

"पाह्यलं," तो म्हणाला. सळई जागेवर घातली, बॉनेट लावलं. "बसा."

घाट सुरू झाला. माझा जीव मुठीत. नवल सांगतो, लाजेने मरावं अशा वेळीसुद्धा माझा कान त्या शिट्टीकडेच होता. कुठे खरखर नाही, कुठे अडखळ नाही. एका वळणावर त्याने गाडी बाजूला घेतली. तेलाचे ब्रेक लोण्यासारखे लागले.

"उतरा."

उतरलो. कठड्याचे चार-पाच दगड नव्याने बसवलेले दिसत होते.

"हेच वळन," सखाराम म्हणाला. "इथून सायबाले खाटेवर टाकून खाली नेलं. चौघं जन होतो. खाटेचा एक खूर माह्या खांद्यावर. माह्यंबी डोकं फुटलं होतं, पन मी खांदा नाही बदलला. दवाखान्यात सायबानं डोये उघडले न् मले पयलं काय इचारलं? 'सखाराम, तेल घातलं होतं का रे?'"

मी हात जोडले. त्याने ते खाली केले.

"मले माफी नोको. तुमी हिवरखेडले या. बाजाराच्या दिवशी. मले जे सांगतलं ते तिथं सांगा."

"येतो," मी म्हणालो.

"मंग बसा. वर जाऊन येऊ. सायेब वाट पाहून राहिले असतीन खाली."

गेलो. हिवरखेडच्या भर बाजारात, मिरचीवाल्याच्या गाडीवर उभा राहिलो आणि मोठ्याने सांगितलं. माझं नाव, माझं गाव, माझं गॅरेज, माझी चूक, सगळं. माणसं जमली. एक म्हातारा म्हणाला, "म्हंजे तेल होतं का त?" मी म्हणालो, "होतं, बावा! भरून होतं!" मागून कोणीतरी ओरडलं, "कोरड्यानं मिस्त्री शिकवून आनला रे!" आणि सगळा बाजार हसला. माझं डोकं फिरलं. उतरून त्याची गचांडी धरणार होतो, सखारामनेच मला धरलं. "राहू द्या," तो म्हणाला. "माह्या पोरानं आयकलं. बास झालं."

भाऊसाहेबांनी सखारामला परत कामावर घेतलं. वऱ्हाडात त्या मिस्त्रीला काम मिळणार नाही म्हणाले होते, पण आपल्या सगळ्या गाड्या त्यांनी शेवटपर्यंत माझ्याकडेच पाठवल्या. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायचा धीर झाला नाही. हसनचाचांना पंच परत करायला गेलो, तर चिडले. "ठप्पा तो मेरा था ना! मेरा नाम काहून नाही घेतलं?" पंच काही परत घेतला नाही. तो कपाटात आहे. मी कोणत्याही कामावर तो कधी मारला नाही, आणि स्वतः उघडून पाहिल्याशिवाय एकही गाडी गॅरेजबाहेर सोडली नाही. कोरडा हे नाव मात्र गावाने सोडलं नाही. पडलं ते पडलं.

भाऊसाहेबांच्या गाड्या सखारामच आणायचा. काम झालं की चावी घ्यायच्या आधी बॉनेट उघडायचा, सळई काढून पुसायचा, पुन्हा बुडवायचा, आणि माझ्या डोळ्यांसमोर धरायचा.

"पाहून घ्या, मिस्त्री."

"पाह्यलं."

मग बसायचा आणि जायचा. किती वर्षं, मी मोजली नाहीत. शेवटी शेवटी त्याला मोतीबिंदू झाला. गाडी त्याचा मुलगा चालवायचा, हा बाजूला बसून यायचा. तरी चाचपत उतरायचा, हाताने बॉनेटची कडी शोधायचा, सळई काढायचा, पुसायचा, बुडवायचा आणि वर धरायचा. त्याला तेल दिसायचं नाही.

"हाये ना?" तो विचारायचा.

"हाये," मी म्हणायचो. "भरून हाये."